राखाडी ओळी

चेतना मुळातच घाबरट. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत फिरणारी. अंधेरीच्या ऑफिसात डायलिसिस केंद्रांच्या नोंदी सांभाळायचं काम मिळालं तेव्हा आईला आनंद झाला, हिला मात्र धडकी भरली. खरं तर अशा कामाला घाबरट माणूसच हवा.

या नोंदी शोधायच्या, बदलायच्या, पुसायच्या त्या एसक्यूएल या संगणकाच्या भाषेतल्या आज्ञांनी. त्या लिहायच्या एडिटरमध्ये आज्ञा रंगीत दिसाव्यात म्हणून लोकांनी बनवलेल्या फाईली इंटरनेटवर फुकट मिळतात. चेतनाने बऱ्याच लावून पाहिल्या आणि एक निवडली. तिच्यात पुसायची आज्ञा लालभडक दिसायची, आणि संगणकाने वाचायच्याच नाहीत म्हणून दोन्हीकडे खुणा घालून झाकलेल्या ओळी राखाडी. मुलुंड केंद्रात बसून तिथल्या नोंदी बघणाऱ्या दर्शनाला ती फाईल फार आवडली, म्हणून चेतनाने तिलाही दिली.

आज सकाळी चेतनाच्या पडद्यावरची एक राखाडी ओळ चालली आणि तिच्या चाचणीच्या नोंदी गायब झाल्या. शोधल्यावर कळलं की ती फाईल दुसऱ्याच डेटाबेससाठी बनवलेली होती. झाकलेल्या भागात आणखी एक झाकलेला भाग असला, की आतला भाग संपल्याच्या खुणेलाच ऑफिसच्या डेटाबेसचं झाकण उघडायचं. पुढच्या ओळी चालायच्या, फाईल मात्र त्यांना राखाडीच दाखवायची. निवडताना चेतनाबाईंनी रंग तेवढे पाहिले होते.

आणि आज दर्शना पेशंटच्या अ‍ॅलर्जीची यादी दुरुस्त करणार होती. यादी पुसली गेली तर पडद्यावर धोक्याचं काहीच येणार नाही, नुसती रिकामी जागा दिसेल. नर्सला वाटेल, यांना कशाचीच अ‍ॅलर्जी नाही.

दर्शनाने फोन उशिरा उचलला. म्हणाली, मघाशीच चालवलं, पण शेवटी एरर आला, म्हणजे काही झालं नसणार.

“राखाडीत पुसायची ओळ होती का गं?”

“होती ना. पण ती बंद होती.”

“बंद नव्हती. एरर यायच्या आधीच ती चालली. माझी फाईल खोटं दाखवते. तू आधी इंजेक्शनं थांबव, पळ.”

फोन चालूच राहिला. चपलांचा आवाज आला, मशीनची टीं-टीं आली, मग दर्शनाचा आवाज. धोंडिराम नावाच्या आजोबांना पेनिसिलिन चालत नव्हतं. नर्सने नेमकं तेच भरून घेतलं होतं, कारण त्यांच्या नावापुढे काहीच नव्हतं. द्यायचं तेवढं राहिलं होतं.

कालच्या राखून ठेवलेल्या प्रतीवरून यादी परत भरता येईल, तोवर प्रत्येकाला तोंडी विचारून घ्या, असं चेतनाने कसंबसं सांगितलं.

दर्शनाने तसं नर्सला सांगितलं आणि परत फोनवर आली.

“चेतना, मला रंग आवडले म्हणून मी ती फाईल बोरिवली केंद्राला पाठवली. घाटकोपरलाही. त्यांनी पुढे कुणाला दिली, मला माहीत नाही.”

चेतनाने बोरिवलीचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना.