माझ्या नावावरचं लेकीचं घर

विमानाच्या खिडकीतून आधी नुसता पिवळसर धुरळा दिसला, मग त्यातून दुबईच्या इमारती वर आल्या. त्यांतल्या एकीत माझ्या नावावर फ्लॅट होता. पैसे मात्र सगळे माझ्या मुलीचे, शुभाचे. ती तिथल्या हमरिया फ्री झोन या करमुक्त औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहे. खरेदी तिच्या लग्नाआधीची; तेव्हा हट्ट माझा होता: "मुलगी उद्या कुणाच्या घरची! घर बापाच्या नावावर असू दे." तिनं ऐकलं. पण माझ्यामागे तिला स्वतःच्याच घरासाठी भावाची संमती मागावी लागली असती. ते निस्तरायला मी आलो होतो.

सकाळी अल मनखूल भागातल्या एका हॉटेलात करक (दाट, वेलचीचा चहा) आणि साबुदाणा वडा झाला. मी ऐटीत पिशवीतून बक्षीसपत्र काढलं. स्टॅम्पपेपर, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का.

"अहो बाबा, हा पुण्याचा कागद इथं कोण विचारतो? आपल्याला समोर जाऊन सही करायची आहे."

"मग बिचाऱ्या साक्षीदारांना मी उगाच मिसळ खिलवली?"

शुभा खो खो हसली.

नोंदणी कार्यालयात गारठा इतका, की मी तिची ओढणी गुंडाळून बसलो. काउंटरवरच्या मल्याळी गृहस्थांनी मला निरखलं.

"अंकल, बेटा भी है ना? फिर भी बेटी को गिफ्ट?"

"गिफ्ट आपके कागज़ पे लिखो. घर पहले से उसका ही है."

"यल्ला (चला), साइन करो फिर."

मी ठसठशीत सही केली. थोड्या वेळानं मालकीचा दाखला मिळाला. त्यावरची अरबी ओळ शुभाला वाचता येईना. सोबत आलेल्या, शाळेत अरबी शिकणाऱ्या माझ्या नातीनं, इरानं, उजवीकडून डावीकडे बोट फिरवत आईचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं.

"ममा, दॅट्स यू! ओन्ली यू!"

रांगेतली माणसं वळून बघू लागली. बघू देत म्हटलं.

"आता मृत्युपत्रही इथंच नोंदवते," शुभा म्हणाली. "माझ्यामागे इराला कोर्टाच्या पायऱ्या नकोत." मला जे म्हातारपणी सुचलं, ते तिला दाखला हातात पडताच सुचलं होतं.

पुण्यात रिक्षातून उतरलो, तर शेजारचे कुलकर्णी फाटकातच उभे.

"या, दुबईचे घरमालक!"

"घरमालकीण तिकडेच आहे," मी बॅग उचलत म्हणालो. "मी लेकीच्या घरी पाहुणचार घेऊन आलो."