झनकलालचं सार्वमत

झनकलाल फुटाणे वाटायला बसला की आम्ही सगळे वैतागायचो. कॉलेजच्या कुंपणाला टेकून आम्ही पाचजण, पुडा एकच, आणि हा पठ्ठ्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पाच ढीग लावत बसायचा. या ढिगातले दोन दाणे त्या ढिगात, तिथला एक पुन्हा इकडे. मग म्हणायचा, "उचला आता. वाटणारा आखरीले उचलन." उरलेला ढीग त्याचा. तो लहान निघाला तरी तक्रार नाही. आमची मात्र मधली सुट्टी संपलेली असायची.

कामठ्याचा हा पोवारांचा पोरगा रोज सायकल हाणत गोंदियाला यायचा. शेती भावकीत वाटली जाता जाता बांधीभर, म्हणजे धानाच्या एका तुकड्याएवढी उरली होती, म्हणून वडील राइस मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या भट्टीवर कामाला होते. झनकलालच्या खिशात कायम सुतळीचं गुंडाळं असायचं. कशाला, म्हणून विचारलं तर सांगायचा, "बांधलेल्या जिनसाले कोणी हात लावला का समजते." संशयी होता, पण संशय आधी स्वतःवर घ्यायचा.

मी दरेकशाचा. आमच्याकडच्या जंगलपट्ट्यातली चाळीसेक मुलं शहरातल्या एका फुकटच्या होस्टेलात राहायची, त्यातलाच मी एक. होस्टेल भाऊंचं होतं. भाऊंचं नाव मी इथे लिहीत नाही; तेव्हाही कुणी घेत नसे. नुसतं 'भाऊ' म्हटलं की माणसं आवाज खाली आणायची.

दोन हजार चारची गोष्ट. गाडीने आणि एसटीने जाणं-येणं करणाऱ्या पोरांनी पास आणि हजेरीच्या भांडणासाठी एक विद्यार्थी संघ काढला होता. तो चांगला चालतो आहे असं दिसल्यावर भाऊंचा निरोप आला, की संघ आपल्या संघटनेत आणा, बसायला खोली देतो. निम्मे लोक हरखले, निम्मे घाबरले. शेवटी सभासदांचं सार्वमत घ्यायचं ठरलं आणि दोन्ही बाजूंनी एकाच माणसाचं नाव सुचवलं. झनकलाल निवडणूक अधिकारी झाला आणि त्याने मला मदतीला घेतलं.

मग सुरू झाला त्याचा फुटाण्यांचा खेळ. भाऊंच्या बाजूने प्रश्न लिहून आला होता, 'विद्यार्थ्यांच्या प्रगतीसाठी संघाने भाऊंच्या संघटनेत जावे काय?' झनकलालने 'प्रगतीसाठी' खोडलं. "प्रगती होईन का नाही, तेच तं इचारून राहिलो ना बे. उत्तर प्रश्नात कायले टाकता?" दोन्ही बाजूंना बोलायला सारखी मिनिटं, पत्रकं लावायला सारखी भिंत. सभासदांची यादी आठ दिवस आधी नोटीस बोर्डावर. हरणाऱ्याला फेरमोजणीचा हक्क. सगळे नियम त्याने स्वतः लिहिले आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या.

खोटी मतपत्रिका पेटीत शिरू नये, ही त्याची मोठी धास्ती. म्हणून प्रत्येक पत्रिकेच्या मागे त्याने शाईने क्रमांक टाकला. सभासद आला की मी रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहायचो, सही घ्यायचो आणि पुढे त्याला दिलेल्या पत्रिकेचा क्रमांक टाकायचो. खाली कार्बन. संध्याकाळी एकेक प्रत दोन्ही बाजूंना द्यायची, म्हणजे कुणाला शंका नको. आम्हाला तेव्हा याचं केवढं कौतुक वाटलं होतं!

हजेरीपायी संघाची सभासद झालेली होस्टेलची पोरं मतदानाला यायलाच तयार नव्हती. आदल्या दिवशी झनकलाल आमच्या खोलीत येऊन बसला. म्हणाला, "शिक्का पडद्यामागं माराचा हाये. कोणाले समजणार नाही. मी सांगून राहिलो ना." त्याच्या त्या शब्दावर सगळी आली.

दिवसभर फाटकासमोर एक जीप उभी होती. कुणी उतरलं नाही, कुणी बोललं नाही. आत बसलेला आमच्या होस्टेलचा मॅनेजर शेंगा सोलत होता आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघून मान हलवत होता. माझी पाळी शेवटी आली. पत्रिका घेऊन पडद्यामागे गेलो आणि शिक्का मारला.

मोजणीत 'नाही' एकोणीस मतांनी जिंकलं. झनकलालने पत्रिकांचा गठ्ठा सुतळीने बांधला, गाठीवर लाख ओतली आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. तेवढ्यात जीपमधला मॅनेजर आत आला. भाऊंच्या बाजूची प्रत त्याच्याच हातात होती. चेहरा हसरा, आवाज मधाळ.

"बढिया काम किया, बेटा," तो म्हणाला. "पेपरवर नंबर टाकले, फारच छान केलं." मग त्याने घडी केलेली कार्बनची प्रत वरच्या खिशात ठेवली आणि खिशावरून हात फिरवला. "उद्या अकराला फेरमोजणी. अर्ज देऊन ठेवतो. आमचा एक माणूस पेपर उलटसुलट बघेल, बस. नियम तुझाच आहे ना?"

तो गेल्यावर झनकलालने रजिस्टर पुढे ओढलं. पत्रिकेवर क्रमांक, रजिस्टरमध्ये त्याच क्रमांकापुढे नाव. दोन्ही शेजारी ठेवले की कोणी काय मत दिलं ते शाळेतलं पोरही सांगेल. "चाळीस पोरं," तो म्हणाला. "माह्यावर इश्वास ठेवून आले रे." मला तर होस्टेलच्या दारात पडलेली माझी ट्रंक तेव्हाच दिसायला लागली होती.

सकाळी सातला तो गठ्ठा सायकलच्या कॅरियरला बांधून मिलकडे निघाला, मी मागोमाग. नंबर तेवढे कापून टाकू, असं मी वाटेत म्हणालो. तो म्हणाला, "सील तोडलं तं चोरी झालीच. मंग अर्धीच कायले कराची?"

त्याचे वडील भट्टीत कोंडा ढकलत होते. त्यांनी घरच्या पोवारी बोलीत विचारलं, "का आय रे?" "कागद आती," हा म्हणाला आणि सुतळी न सोडता गठ्ठा आत टाकला. लाख वितळली, मग कागद काळे पडले. आम्ही सगळं जळेपर्यंत उभे राहिलो. "आता मले चोर म्हणतीन," तो म्हणाला. "तू मधात बोलू नको. तू होस्टेलात राहातेस."

अकराच्या सभेत मॅनेजर मागे हाताची घडी घालून उभा होता. पत्रिका कुठे आहेत, असं विचारल्यावर झनकलाल उठला. "जाळल्या."

"काऊन जाळल्या बे?" चारी बाजूंनी ओरडा झाला.

खरं कारण सांगावं, तर कोणाच्या मतांना धोका होता ते सांगितल्यासारखंच झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "माही चूक होती." शिव्या पडल्या. कुणीतरी चप्पल फेकली, ती त्याच्या खांद्याला लागली. सार्वमत रद्द झालं, झनकलालला संघातून काढलं, आणि भाऊंच्या संघटनेत जायचा ठराव तिथल्या तिथे हात वर करून घ्यायचा ठरला. मॅनेजर आमच्या रांगेजवळ येऊन उभा राहिला. होस्टेलचे सगळे हात वर गेले. माझाही गेला. दाराशी उभा असलेला झनकलाल ओठ हलवत सवयीने हात मोजत होता आणि माझ्यापाशी येऊन त्याची नजर थोडी थांबली. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभरात त्याच्या वडिलांना मिलमधून 'उद्यापासून येऊ नका' असं सांगण्यात आलं. कारण कुणी दिलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. झनकलालने कॉलेज सोडलं. मी भाऊंच्या होस्टेलात राहून बी.ए. झालो, नोकरीला लागलो.

आठ-नऊ वर्षांनी कळलं की तो आजारी आहे, म्हणून कामठ्याला गेलो. खाटेवर नुसता सापळा उरला होता. मी बिस्किटांचा पुडा नेला होता, त्याने तो फोडून आमच्यात ढीग लावले आणि म्हणाला, "उचल." मला राहवलं नाही. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की मोजताना त्याने माझा क्रमांक पाहिला असणार, मी कुठे शिक्का मारला ते त्याला ठाऊक असणार. तेच विचारलं.

तो दुखावला. "मी एकही पत्रिका पलटवली नाही. मी कायले पाहू?"

म्हणजे त्याने माझा फक्त वर गेलेला हात पाहिला होता. मी भाऊंचाच माणूस, असं समजूनही त्याने आज माझ्यासाठी सारखाच ढीग लावला होता. "झनकलाल, माझं मत..." मी बोलायला लागलो, तर त्याने ते वाळकं बोट वर केलं.

"नोको सांगू. गुप्त मतदान होतं."

मी माझा ढीग उचलला. त्याने उरलेली दोन बिस्किटं उचलली. पुढच्या पंधरवड्यात तो गेला आणि मी न सांगताच राहिलो. आज त्याचा नियम मोडून लिहितो आहे: माझा शिक्का 'नाही'वर होता.