डच आजोबांचा पीकोट

हॅमिल्टनच्या वृद्धाश्रमात मी नोकरीला लागले, तेव्हा एका डच आजोबांची देखभाल माझ्याकडे आली. उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलेलं. आता शहराचं नाव, जेवणाची वेळ, बायको वारल्याचं, सगळं विसरलेले. दुपारी तीन वाजले की मात्र कपाटातला गडद निळा लोकरीचा पीकोट चढवायचे आणि जहाज सुटेल म्हणून दाराकडे निघायचे.

मी त्यांना बाकावर बसवून कोटाबद्दल विचारायचे. तेवढ्यापुरते ते भानावर येत.

"यातला पी म्हणजे वाटाणा नव्हे," ते सांगत. "आमच्याकडे असल्या जाड्याभरड्या लोकरी कापडाला पाय म्हणतात. इंग्रजीत त्याचा पी झाला."

"आमच्या भाषेत पाय म्हणजे हे," मी त्यांच्या सुजलेल्या पावलांकडे बोट दाखवलं. ते हसले. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बटणं मोठी, ते दाखवत, कारण बोटं बधिर झाली तरी लावता आली पाहिजेत. छातीवर कापड दुहेरी, वारा शिरू नये म्हणून.

फेब्रुवारीत एकदा दार उघडं राहिलं आणि ते खरंच बाहेर पडले. पार्किंगमध्ये बर्फावर पडलेले सापडले. हाड मोडलं नव्हतं, पण त्यांची मुलगी घाबरून धावत आली. "तो कोटच नको इथे," ती म्हणाली. "दिसला नाही तर जायचं आठवणार नाही." नर्सलाही ते पटलं. आजोबा अंघोळीला गेले असताना मी कोट पिशवीत भरून मुलीच्या गाडीत नेऊन ठेवला.

तीन वाजता त्यांनी कपाट उघडलं. एकेक हँगर बाजूला सारला.

"माझा कोट कुठे गेला?"

"ड्रायक्लीनिंगला दिलाय."

"उद्या येईल?"

"येईल."

असं मी तीन आठवडे रोज सांगितलं. मग ते विचारेनासे झाले. मग कपाटापाशी जाईनासे, मग अंथरुणातून उठेनासे झाले. इंग्रजी सुटलं, उरलं ते पुटपुटणं, तेही डचमध्ये. मी मुलीला फोन करून विचारलं, कोट परत आणता का?

"डोनेट केला," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यातच त्यांचं भलं आहे."

मला तसं कधीच वाटलं नव्हतं. मी फक्त सांगितलेलं काम केलं होतं.

त्यांच्या शेवटच्या दोन दिवसांत मी त्यांच्याशी मराठीतच बोलले. त्यांना आता कुठलीही भाषा सारखीच होती.