शिपायाच्या कमरेची चंची

कात-सुपारीचा वास आला की पिंपरीत औषधांचा कारखाना नवा निघाला होता, तेव्हाचं आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आठवतं. वेशभूषेत मला बिस्किटांच्या डब्यावरचा स्कॉटलंडचा शिपाई व्हायचं होतं. आईनं विरलेल्या चौकड्याच्या चादरीला लुगड्यासारख्या निऱ्या घालून घागरा शिवला, घोंगडीचा तुकडा खांद्यावर टाकला. पण चित्रातल्या शिपायाच्या कमरेला पुढं थैली होती, आणि तशी घरात एकच, आत्याची पानाची चंची. "न्हाई द्यायची, पानाबिगर जीव जाईल माझा," आत्या म्हणाली, आणि मी रडवेली होताच तिनंच ती माझ्या कमरेला बांधली. स्टेजवर मी ऐटीत उभी, समोर पाहुणे म्हणून कारखान्यातले खरेखुरे स्कॉटिश साहेब, आणि आत्या तरातरा वर आली. "थांब गं, तलफ आलीया," म्हणत माझ्या कमरेच्या चंचीतून पान काढून लावायला लागली. मंडप हसून लोटपोट. साहेब उठून आले, घागऱ्याच्या निऱ्या न्याहाळल्या, चंचीकडं बघून खूश झाले आणि आत्यापुढं हात पसरला. तिनं पदर सावरत अख्खा विडा दिला. पहिलं बक्षीस मी लाल ओठांच्या साहेबांच्या हातून घेतलं. आता आत्या नाही, मी पान खात नाही, तरी त्या चंचीत एक सुपारी ठेवतेच. न जाणो, कुणी हात पुढं केला तर!