शेडचं दार वाजवणारा डॉक्टर

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोंबड्यांचं खाद्य कालवत होतो. तसाच पिठाळलेल्या हातांनी शेडमध्ये शिरलो, का ते आजही सांगता येत नाही. दार धाडकन उघडलं आणि सगळ्या कोंबड्या फडफडत एका कोपऱ्यात गोळा झाल्या. तो असता तर माझी चांगली खरडपट्टी काढली असती... महिना होत आला, तरी त्या दाराशी हात अडखळतो.

आमची ओळख मंगरूळपीरच्या शाळेतली. तो जनावरांचा डॉक्टर झाला, मी शेती सांभाळून अंड्यांसाठी कोंबड्या पाळल्या. माणसांशी त्याचं फारसं जमायचं नाही. फोन उचलायचा नाही, आणि चुकलं की चारचौघांत झापायचा. कोंबड्यांपुढे मात्र तोच माणूस मवाळ. शेडच्या पत्र्याच्या दारावर आधी टकटक करायचा, "येऊ का?" म्हणायचा, जरा थांबायचा आणि मग आत पाऊल टाकायचा. मी हसलो तर म्हणाला, "घर त्याईचं हाय. कोंबडी घाबरली का पयले तिचं पोट बिघडते."

एका उन्हाळ्यात माझा धंदा बुडायची वेळ आली. कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या, खाणं सोडलेलं, विष्ठा पाण्यासारखी, रोज काही मरत होत्या. शेड मोडून पुण्याला काम शोधायचं, असं मी बायकोला सांगूनही टाकलं होतं. ताकद यावी म्हणून खाद्यातली सोयाबीनची ढेप, म्हणजे पेंड, वाढवली. आमच्या सोयाबीनच्या मुलखात दुसरं सुचणार तरी काय? प्रभाकरनं ते पाहून कपाळावर हात मारला. "अबे, उन्हात रक्त कातडीकडं धावते, आतडं उपाशी राह्यते. त्याचं अस्तर झिजलं, अन् तू वरून ढेप कोंबून राह्यला. ते पचवता पचवता अजून गरमी होते तिले." त्यानं ढेप कमी करायला लावली, प्रथिनांतली जी अमिनो आम्लं कमी पडत होती तेवढ्यांचीच पूड दिली आणि सकाळच्या गारव्यात खाद्य टाकायला सांगितलं.

डब्यावर लिहिलेलं 'अमिनो ॲसिड' मी मोठ्यानं वाचलं आणि आईनं डबाच पदराखाली घेतला.

"काहून रे परभाकर, मुक्या जीवाले ॲसिड चारून राह्यला काय तू?"

एरवी भांडणारा प्रभाकर त्या दिवशी भांडला नाही. तिच्याकडून डबा मागून घेतला, चिमूटभर पूड जिभेवर ठेवली आणि असं काही तोंड केलं की आईलाही हसू आलं. "मावशी, पाहा, जिता हाय मी. दाण्यातलंच असते हे. आतड्याचं अस्तर शिवायचा दोरा समजा." आईनं त्याला समोर बसवून चहा पाजला, त्याला काही होत नाही याची खात्री केली, मगच डबा सोडला. आमच्या घरात त्या पुडीचं नाव तेव्हापासून 'परभाकरचा दोरा'.

हळूहळू विष्ठा घट्ट झाली, खाल्लेलं अंगी लागू लागलं. पुणं राहून गेलं. मी आज माझ्या घरी, माझ्या माणसांत आहे ते त्याच्यामुळे, आणि हे त्याला कधी तोंडावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर झापलंच असतं म्हणा.

काल सकाळी मी शेडचं दार वाजवलं, "येऊ का?" म्हटलं आणि थांबलो. आत एकही कोंबडी फडफडली नाही. ओसरीवरून आईचा आवाज आला, "परभाकर आला वाटते. चहा ठेव वो, सूनबाई."

बायको पातेलं घेऊन ओसरीवर आली तेव्हा आईला शेडच्या दाराशी मी एकटाच दिसलो.

"ठेव," आई म्हणाली. "म्हटलं हाय तं ठेव."