बांधीतला स्पीकर

"भाऊ, हा पान्यात टाकून दाखवा."

स्पीकर विकायला लागून मला बरीच वर्षं झाली, पण माल बुडवून दाखवा म्हणणारं गिऱ्हाईक तुमसरच्या माझ्या दुकानात पहिल्यांदाच आलं होतं. मला असल्या उद्योगांना निमित्तच हवं असतं. मी बादली भरली, मोबाइलवर गाणं लावलं आणि स्पीकर पाण्यात दाबून धरला. गाणं बंद पडलं. समोरच्या तिघी बायकांचे चेहरेही पडले. स्पीकर वर काढला, तसं गाणं पुन्हा सुरू.

"बिघडला नाई, बाई. ब्लूटूथ पान्यातून जात नाई. मोबाइल अन् स्पीकरच्या मधात पानी आलं का आवाज तुटते," मी ऐटीत समजावलं. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

बुडवायला सांगणाऱ्या होत्या सुमनबाई. आंबागडकडच्या एका रोवणीच्या टोळीच्या त्या म्होरक्या. रोवणी म्हणजे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, चिखल केलेल्या भातखाचरात, आमच्याकडे त्याला बांधी म्हणतात, एकेक करून लावणं. त्यांची मुलगी प्रणाली नागपूरला शेतीचं शिक्षण घेते. परवा सकाळी साडेअकराला ती रेडिओवर बोलणार होती, धानाच्या लागवडीवर आणि तेही थेट. सुमनबाई तेव्हा चौदा बायकांबरोबर गुडघाभर चिखलात असणार होत्या. हंगामात खाडा करायची सोय नसते, उपटलेले पऱ्हे सुकून जातात.

"रेकॉर्डिंग मागवा न पोरीजवळून. संध्याकाळी आरामात आयका," मी म्हणालो.

"ते नोको. ती बोलून राहिली त्याच टायमाले आयकाचं हाय मले. अन् एकटीनं नाई, साऱ्या बायांनी आयकाचं."

हे ऐकून मला इतका चेव आला की कपाटातला निम्मा माल टेबलावर आला. आयपी सदुसष्ट हा शिक्का काय असतो ते मी सांगितलं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ आत शिरत नाही, सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी बिघडत नाही. बायकांनी माना डोलावल्या. मग मी माझा लाडका मोठा काळा स्पीकर लावला. त्याचा बास, म्हणजे ढोलाचा तो खालचा दणका, असा की काउंटरवरचे स्क्रू नाचायला लागले. मी स्वतः बासचा भोक्ता. बायकाही खूश झाल्या. तोच ठरला.

दुसऱ्या दिवशी ट्रायलला मी स्वतः मोटरसायकलवर माल घेऊन गेलो. घरी नेऊन देणं हे दुकानदाराचं काम, बांधीत जाणं नव्हे, पण मला राहवेना. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, स्पीकर ठेवला. मोबाइल पिशवीत घालून सुमनबाईंनी कमरेला खोचला आणि रेडिओचं अ‍ॅप लावलं.

निवेदक मडक्यात तोंड घालून बोलत असावा, असा आवाज आला.

कारण साधं होतं आणि मला माहीत असायला हवं होतं. दुकानात चार भिंती असतात, बास त्यांच्यावर आपटून परत येतो आणि आपल्याला वाटतं काय दणका आहे. उघड्यावर तो दणका विरून जातो. मी बटण दाबून आवाज वाढवला, तर घुमणं तेवढं वाढलं आणि शब्द त्याखाली दबले. माणसाचं बोलणं मधल्या सुरांत असतं. माझा लाडका तिथेच कच्चा होता.

त्यात दुसरी भर. रोवणी करताना बाई वाकलेली असते आणि मागे मागे सरकत जाते. पुढे लावलेलं धान, मागे मोकळा चिखल. म्हणजे धुऱ्यावरचा स्पीकर प्रत्येक ओळीला लांब जात होता. मध्ये वाकलेल्या चौदा जणी. माणसाच्या अंगात पाणीच फार. बांधीच्या अर्ध्यावर आवाज तुटायला लागला, पुढे बंदच झाला.

सुमनबाई कंबर धरून उभ्या राहिल्या. "भाऊ, पोरगी अशीच आयकू येइन का?"

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी काळा स्पीकर उचलला आणि निघालो. मला माझीच लाज वाटत होती.

दुकानात आल्यावर सगळे पाणीरोधक स्पीकर एकेक करून रस्त्यापलीकडे ठेवले आणि इकडून बातम्या ऐकत बसलो. येणारेजाणारे थांबून बघत होते. शेजारचा टेलर म्हणाला, "काय हो, रस्त्याले बातम्या सांगून राहिले काय?" शेवटी एक केशरी, बसका, दिसायला अगदी साबणाच्या वडीसारखा नग निघाला. वर्षभर कोणी हात लावला नव्हता. बास नावालाच, पण शब्द न् शब्द स्वच्छ. मी इतका खूश झालो की टेलरलाही बसवून बातम्या ऐकवल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दहालाच बांधीवर हजर. सोबत प्लास्टिकचं घमेलं आणि दोरी, हा माझा शोध. स्पीकर घमेल्यात ठेवायचा, दोरी सुमनबाईंच्या कमरेला बांधायची, म्हणजे मोबाइल आणि स्पीकर कायम जवळ राहतील. सुमनबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि घमेलं ताज्या रोवलेल्या धानावरून फरफटत आलं.

"अहो भाऊ, रोवलेलं मोडून राहिले न तुमी!" शेतमालक पटले धुऱ्यावरून ओरडले.

टोळीतल्या सगळ्यात वयस्क कौसल्याबाईंनी दोरी सोडली, घमेलं उचललं आणि बायकांच्या मागे मोकळ्या चिखलात, पऱ्ह्यांच्या पेंड्यांशेजारी ठेवलं. "आमी मांगं चालतो भाऊ, त पोरगी मांगंच पायजे. जवळ आलो का टाचेनं सरकोतो."

झालं. आता आवाज लांब जात नव्हता, प्रत्येक ओळीला जवळ येत होता. घमेल्याच्या कडा आवाज वर फेकत होत्या, वाकलेल्या चेहऱ्यांकडे. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात ही युक्ती नव्हती.

साडेअकराला नेटवर्कच्या दोन काड्या होत्या. मी धुऱ्यावर उभा. आणि प्रणालीचा आवाज आला. लख्ख. चौदाच्या चौदा जणी सरळ झाल्या. वाकलेल्या राहिल्या त्या फक्त सुमनबाई.

"कायले उभ्या? पऱ्हे सुकून राहिले," त्या खाली बघतच म्हणाल्या. बायका पुन्हा वाकल्या.

निवेदकानं विचारलं, रोवणी तुम्ही कुठे शिकलात? प्रणाली म्हणाली, "आईनं मला बांधीत कधी उतरू दिलं नाही. तू शीक म्हणायची. मी धुऱ्यावर बसून तिचे हात बघायचे. दोन रोपांत किती अंतर ठेवायचं, ते मी पुस्तकाच्या आधी तिथे शिकले."

चिखलात हात बुडण्याचा आवाज तेवढा येत होता. सुमनबाईंनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात नेहमीपेक्षा भराभर चालत होते. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी उगाच बॅटरी बघायला गेलो. ती भरपूर होती.

आठवड्यानं पटले दुकानात आले आणि त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. हिरवं झालेलं धान, सगळ्या ओळी सुतात. फक्त मध्ये एका पातीत, म्हणजे एका बाईच्या वाट्याच्या पट्ट्यात, दहा-बारा पावलांपर्यंत रोपं एकमेकांना चिकटून, वेडीवाकडी, कुठे तीन तर कुठे सहा.

"कोनाची पात हे?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

"सुमनबाईची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"विरळून घेनार?"

"राहू द्या," पटले म्हणाले. "तेवढं धान कमी झालं त झालं."

केशरी स्पीकर मी आता समोरच्या कपाटात ठेवतो. काळा मागे गेला. गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, कुठे ऐकणार आणि कोणाचं ऐकणार. वॅट त्यानंतर.