सूनबाईचा नापास पाठ

२०२५ साल, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. सकाळी माझ्या हातात चहा देऊन सूनबाई आंघोळीला गेली, ती तिथेच पडली... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वैशाली पंचेचाळीसची होती. मी चौथीपर्यंत शिकलेला, आयुष्य मिलमध्ये गेलं. पण घरात मास्तरीण आहे ही ऐट मी गल्लीभर मिरवली.

मिरवली खरी, पण पक्की नोकरी तिला कधी मिळाली नाही. बेटमा गावाकडच्या सरकारी शाळेत ती अतिथी शिक्षिका. म्हणजे दर वर्षी नव्याने ठेवायची, सुट्टी लागली की घरी बसवायची. बी.एड. केलं, सगळे म्हणाले हा मोठा कोर्स. मग नियम आला, लहान मुलांना शिकवायला बी.एड. चालणार नाही, त्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा वेगळा. मी भडकलो, "ट्रक चालवणाऱ्याला रिक्षा येत नाही म्हणतात का हे?" ती हसली, "बाबा, लहान मुलं रिक्षा नसतात हो. तीच जास्त अवघड." आणि राऊ गावच्या कॉलेजात जाऊन बसली, लेकीच्या वयाच्या मुलींसोबत.

तिथे सराव पाठ असायचे. जवळच्या शाळेत जाऊन शिकवायचं, मागे सर मार्क द्यायला बसणार. रीत अशी की आदल्या दिवशीच मुलांकडून उत्तरं घोटून घ्यायची, सर आले की सगळे हात वर. वैशालीने घोटून घेतलं नाही. हातच्याची वजाबाकी होती. पिंकी नावाची पोरगी अडली, तर ही तिच्यापाशी दहा काड्यांची जुडी सोडत, पुन्हा बांधत बसली. वेळ संपली, पाठ अपुरा. नापास.

"अगं, एक दिवस नाटक केलं असतं तर काय झिजलं असतं?" मी ओरडलो.

"ज्यांना येतं त्यांनाच शिकवायचं, तर मी कशाला हवी, बाबा?"

सून असून जिद्दीत माझ्यावर गेलेली... पाठ पुन्हा द्यायचा होता. त्याआधीच गेली.

तेराव्याला कॉलेजचे सर आले. हात जोडून आमच्या इकडच्या हिंदीत म्हणाले, "दादाजी, हम उनको पास कर देंगे. बेचारी ने मेहनत बहुत की." बेचारी! मुलगा मला डोळ्यांनी गप्प करत होता. पिंकीच्या शाळेतल्या मॅडम शेजारीच होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सर, पिंकी तो अब दूसरों को घटाना सिखाती है." घटाना म्हणजे वजाबाकी. सरांनी मान हलवली आणि चहा संपवला.

नोकरी आता कुणाला लागणार होती? पण मेली म्हणून पास करणार, शिकवलं म्हणून नाही... हे माझ्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेतली, बस धरली, राऊ गाठलं. सरांना म्हणालो, "भिया, दया का पास नहीं चाहिए. चलो, उस छोरी से घटाना पूछो, फिर नंबर दो. नहीं आया तो फेल ही रखो." सर म्हणाले, मीटिंग आहे. मी त्यांच्या दारातच बैठक मारली, आणि त्यांनी पिंकीच्या शाळेत जायला गाडीची किल्ली उचलेपर्यंत हललो नाही.